न पाहिलेली पाकळी

बाबांना पक्षाघात झाला, त्याच्या आदल्या रविवारी मी त्यांना एक प्रश्न विचारणार होते. रविवार म्हणजे आमच्याकडे मटण. ते जेवले, तृप्त होऊन आडवे झाले, घोरायला लागले. मी म्हटलं, जाऊ दे, पुढच्या रविवारी विचारू. पुढच्या रविवारी ते हॉस्पिटलच्या खाटेवर होते, उजवी बाजू लुळी आणि वाचा गेलेली. मधल्या आठवड्यात मी काय करत होते म्हणाल, तर ऑफिसला जात होते आणि वाक्य मनात घोळवत होते. प्रश्न तयार होता, पण उत्तर देणारा तोवर थांबला नाही.

प्रश्न तसा एका ओळीचा होता. ‘बाबा, तेव्हा तुम्ही खरंच देवाला कौल लावला होता का?’

ज्यांचं गाव तळकोकणात नाही त्यांना हे सांगावं लागेल. आमच्याकडे घरातली कुठलीही मोठी गोष्ट ठरवायची तर आधी गावच्या देवाला विचारतात. देवळातला गुरव पाषाणाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालतो आणि मग नुसतं बघत उभं राहायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. परळची खोली सोडून घाटकोपरला यायचं ते कौल लावून. आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन कौल लावून. देवाने उजवा दिला तेव्हा डॉक्टरांनाही हायसं वाटलं होतं. बिल्डर बिल्डिंग पाडून नवी बांधून द्यायला आला, तेव्हा तर आणखी मजा झाली. आमच्या बिल्डिंगीत निम्मी कुटुंबं कोकणातली. ज्याने त्याने आपापल्या गावच्या देवाला विचारलं, आणि देवांचं एकमत झालं नाही. म्हणून आम्ही अजून त्याच जुन्या बिल्डिंगीत, चौथ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय राहतो.

माझ्या लग्नाचाही कौल लावला होता. म्हणजे, लावला असं मला सांगण्यात आलं होतं.

मी तेव्हा अंधेरीला एमआयडीसीतल्या एका ऑफिसात होते. तोही तिथेच होता. देवनारच्या म्युनिसिपल कॉलनीत राहायचा, घर मूळचं जालन्याकडचं, बौद्ध. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण त्याचं आयुष्य त्याचं आहे आणि ते बरं चाललं असावं अशी माझी इच्छा आहे. एवढंच सांगते की त्याच्याशी बोलताना मला कधी शब्द शोधावे लागले नाहीत. मी घरी सांगितलं तेव्हा आई ओट्याकडे तोंड करून भांडी घासत राहिली, आणि बाबा म्हणाले, “देवाक इचारूया.” ‘आपल्यातला नाही’ हे शब्द कुणीच उच्चारले नाहीत. खरं तर घरात भांडणच झालं नाही, आणि भांडणच नाही तर मी जिंकणार तरी कशी?

गावच्या जत्रेला बाबा एकटेच गेले. मला रजा नव्हती, आईचे गुडघे दुखत होते. सकाळच्या गाडीने परत आले, पाय धुतले, पिशवीतून जत्रेचं गूळ-आल्याचं खाजं काढून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, “डावो दिल्यान.” बस्स, एवढंच बोलले. आणि मी ते खाजं खाल्लं, हे मला पक्कं आठवतं. आलं जास्त होतं त्यात.

लोक विचारतात, तू शिकलेली, कमावती, तू का ऐकलंस? विचारणाऱ्यांच्या घरी देव बोलत नसतो, त्यांना काय समजावणार. बापाशी भांडता येतं, समाजाच्या नावाने बोटं मोडता येतात. देवाने नाही म्हटल्यावर कुणाशी भांडायचं? मला तर तेव्हा बाबांची दयाच आली होती, की बिचाऱ्यांना ही बातमी आणावी लागली. मी त्याला सीप्झच्या बसस्टॉपवर सांगितलं. तो आधी हसला. मग म्हणाला, “तुझ्या देवाने मला बघितलंय तरी का, यार?” आणि मला त्याचाच राग आला. देवाच्या वतीने मी त्याच्याशी भांडले. पुढे त्याने नोकरी बदलली.

मी मग लग्न केलंच नाही. कुणी विचारलं नाही म्हणून नव्हे, स्थळं आली. प्रत्येक वेळी बाबा म्हणायचे, “कौल लावूया?” आणि मी म्हणायचे, नको.

इतक्या वर्षांनी हा प्रश्न उकरून काढायचं कारण म्हणजे मुलुंडमधलं एक लग्न. हॉलमध्ये पंगतीला आमच्या गावची एक आत्या शेजारी बसली. सोलकढी पिता पिता जुन्या भानगडी सांगत होती, की मानकऱ्यांच्या दोन घरांत मानावरून कसा वाद झाला, आधी नारळ कुणी ठेवायचा यावरून कसे कोर्टात गेले, देवळाला कसं टाळं लागलं आणि वर्षभर गावात कौल म्हणून कसा लागला नाही. मी सहज विचारलं, कुठल्या वर्षी गं? आत्याने वर्ष सांगितलं नाही, आमच्यात वर्ष कुणी सांगत नाही. म्हणाली, “तुझ्या बापाशीच्या चुलत भावाच्या घरावर स्लॅब पडलो, त्या वर्साक.”

चुलत काकांच्या घरावरची कौलं जाऊन स्लॅब पडला ते वर्ष म्हणजे बाबांनी मला खाजं आणून दिलं ते वर्ष. किंवा त्याच्या पुढचं. मी घरी येऊन जुने फोटो काढले, दोन माणसांना फोन केले. एक म्हणाला त्याच वर्षी, दुसरा म्हणाला छे, त्यानंतर. तिसरा म्हणाला, टाळं होतं ते पुढच्या दाराला, कौल मागच्या बाजूने लागतच होते. शेवटी मी ठरवलं की बाबांनाच विचारायचं, कारण माझे बाबा खोटं बोलत नाहीत.

हे मी मुलीच्या कौतुकाने सांगत नाही. त्यांच्या खरेपणाचा सगळ्यांना ताप होता. गिरणी बंद पडल्यावर ते एका शाळेत शिपाई होते, तिथे वार्षिक समारंभात त्यांनी मुख्याध्यापकांना तोंडावर सांगितलं होतं की साहेब, भाषण लांबलं, पोरं झोपली. बिल्डिंगीत कुणी विचारलं, गणपतीची आरास कशी झाली, तर हे म्हणणार, गेल्या वर्षीची बरी होती. असा माणूस मुलीशी खोटं बोलला असेल, तेही देवाच्या नावाने, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. आणि बसत नव्हतं म्हणून निघतही नव्हतं.

हॉस्पिटलमधून आणलं तेव्हा मंडळाच्या पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून चार मजले वर चढवलं. आमच्या दारात खुर्ची टेकवून एक जण म्हणाला, “काका, आता खाली न्यायला आम्हाला नका सांगू हां, वाट लागली यार.” सगळे हसले, बाबाही वाकड्या तोंडाने हसले. त्यानंतर ते खाली उतरले नाहीत. मी ऑफिसला सांगून घरून काम घेतलं. आता मी दिवसभर खिडकीच्या ग्रिलपाशी लॅपटॉप घेऊन बसते, मागे पलंगावर बाबा, आत आई. दाराची कडी दूधवाल्यापुरती उघडते. पूर्वी मेट्रोची गर्दी नको व्हायची, आता तिचीही आठवण येते.

पण सुरुवातीला बरं चाललं होतं. बाबांना बोलता येत नव्हतं तरी मान हलवता यायची. पाणी हवं? मान हलायची. पंखा वाढवू? हलायची. आई तर खूश. म्हणाली, जन्मभर ह्या माणसाने एका विचारण्यात उत्तर दिलं नाही, आता बघ कसे पटापट देतात. आम्ही दिवसभर त्यांना हो की नाही विचारत राहायचो, आणि ते होच म्हणायचे. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. हो-नाहीत विचारायची सवय आमच्या हाडीमासी खिळलेली. दगडाकडून उत्तर घेणारी माणसं आम्ही, बापाकडून का नाही घेणार?

अशातच एका दुपारी आई झोपली होती तेव्हा मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, “बाबा, माझ्या लग्नाचा कौल. तेव्हा तुम्ही खरंच लावला होता ना?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. चांगली दोनदा, ठाम.

मला रडू आलं. किती हलकं वाटलं ते सांगता येणार नाही. मुलुंडच्या आत्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. बाबांच्या डोक्याला तेल लावून दिलं, नखं कापली. संध्याकाळी आई म्हणाली, आज इतका मऊ भात कसा लावलास? पुढचे काही आठवडे मी सुखात होते. वेड्यासारखी, पण सुखात.

मग स्पीच थेरपिस्ट यायला लागली. विशीतली मुलगी, पार्ल्याहून यायची, गळ्यात ओढणी आणि पिशवीत चित्रांची कार्डं. पहिल्याच दिवशी ती बाबांसमोर बसली, हातात पेन धरलं आणि म्हणाली, “काका, हे पेन आहे का?” बाबांनी मान हलवली. आई माझ्याकडे अभिमानाने बघायला लागली. मुलीने तेच पेन तसंच धरून विचारलं, “काका, हा हत्ती आहे का?” बाबांनी मान हलवली. तितकीच ठाम. “काका, तुम्ही बाई आहात का?” मान हलली. आई फिदकन हसली आणि मग तिने पदर तोंडात धरला. “ही तुमची मुलगी आहे?” मान हलली. “ही तुमची आई आहे?” मान हलली.

मुलीने पेन खाली ठेवलं. मला गॅलरीत नेऊन हळू आवाजात म्हणाली, “ताई, ते खोटं बोलत नाहीत हां. त्यांना आतून ‘नाही’ म्हणायचं असेल तरी बाहेर ‘हो’च येतं. आणि खरंच ‘हो’ असेल तरी ‘हो’. काही वेळा प्रश्न कळलेला असतो, काही वेळा नसतो. आपल्याला बाहेरून कळायला मार्ग नाही. रडले तरी लगेच अर्थ लावू नका, या आजारात रडू उगाच येतं.”

मी विचारलं, “मग कळायचं कसं?”

“हळूहळू,” ती म्हणाली. थेरपीवाल्यांचा तो आवडता शब्द आहे.

ती गेल्यावर मी बाबांसमोर उभी राहिले. बसलेही नाही. म्हटलं, “बाबा, तुम्ही कौल लावला नव्हता. हो ना?” त्यांनी मान हलवली. दोनदा, ठाम, आधीसारखीच. मी जर त्या क्षणी काही हातात घेतलं असतं तर ते भिंतीवर फेकलं असतं. माझ्या आयुष्याचं खरं काय ते ठाऊक असलेला एकच माणूस या जगात होता, तो माझ्या घरात, माझ्या खोलीत, माझ्या हातून जेवत होता, आणि त्याच्यापर्यंत जायला रस्ता नव्हता. मग लक्षात आलं की मी त्यांना भूक नसताना भरवलं असेल, थंडी वाजत असताना पंखा वाढवला असेल. त्यांनी हो म्हटलं असं मी समजत होते, प्रत्यक्षात इतके दिवस मीच विचारत होते आणि मीच उत्तर देत होते.

आईला विचारलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, “माका काय म्हायत? मी मुंबयत होतंय. ते गेले, ते इले, ते सांगल्यानी.”

“तुला काय वाटतं? पन्नास वर्षं संसार केलास त्यांच्याशी.”

“बोलत होते तेव्हां तरी मनातला खंय सांगीत?” तिने पाकळीचं साल फुंकरीने उडवलं. “आणि कळान काय करतलंस गो आता?”

हा प्रश्न मात्र मला टाळता आला नाही. काय करणार होते मी? देवाने नाही म्हटलं असेल तर माझ्या वाट्याला जे आलं ते आलं, बाबा नुसते निरोपे. बाबांनी स्वतःच नाही म्हटलं असेल तर ज्या माणसाचं मी अंग पुसते आहे त्यानेच मला इथे कोंडलं. अंग दोन्ही वेळा पुसायचंच होतं. पण कुठल्या हाताने पुसते आहे हे मला कळायला हवं होतं. दयेच्या की रागाच्या. रोज सकाळी पाण्याचं तसराळं घेऊन बसायचे तेव्हा हात निम्मा निम्मा व्हायचा, आणि ते सहन होत नव्हतं.

म्हणून मी गावी गुरवांना फोन केला. जुने गुरव वारले होते, त्यांचा मुलगा आता देवळाचं बघतो. तरुण आहे, व्हॉट्सअॅपवर मुंबईकरांना रोज पूजेचे फोटो पाठवतो. मी सगळं सांगितलं, नाव गाव वर्षाचा अंदाज. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“बाबा माझे गेले ताई. तेंच्या टायमाचा माका काय म्हायत नाय. देवळाक टाळा होता खरा, पण खंयच्या वर्साक ता कोण सांगतलो?” मग उत्साहाने म्हणाला, “पण देवाक म्हायत आसतला ना? कौलाचोच कौल लावूया!”

मी हसले. फोनवर मोठ्याने हसले. खरोखर कौल लावला होता की नाही हे कळायला आता पुन्हा कौल लावायचा. आणि तो खरा लागला का हे कळायला पुढे आणखी एक. पण हसून झाल्यावर मी हो म्हटलं. तुम्ही विहिरीत पडलेले असताना कुणी दोर सोडला तर तो कुठल्या झाडाला बांधलाय हे तुम्ही बघत बसत नाही.

ठरल्या सकाळी आईने अंघोळ करून नवं लुगडं नेसलं. बाबांना पांढरा सदरा घातला, टोपी घातली, खुर्चीत ताठ बसवून बाजूने उशा लावल्या. पोह्यांच्या डब्याला टेकवून टीपॉयवर फोन उभा केला. व्हिडिओ कॉल लागला आणि स्क्रीनवर आमचं देऊळ आलं. समईचा पिवळा उजेड, ओला काळा पाषाण, गुरवाचा उघडा खांदा. आईने हात जोडले. मी मात्र बाबांकडे बघत होते. ते पापणी न लववता देवाकडे बघत होते.

गुरवाने पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” आई म्हणाली.

“ह्या तुझ्या लेकरान त्या येळेक तुझ्या पायाशी येवन कौल लायल्यान आसात, तर आज उजवी पाकळी दी, आणि नसात तर डावी दी, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

हे आई एकटी म्हणाली नव्हती. बाबा म्हणाले होते. स्पष्ट, पुऱ्या आवाजात, पूर्वीच्या त्यांच्या जाड आवाजात, दोन्ही शब्द. इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडून एक अक्षर फुटलं नव्हतं. आईने किंकाळीच मारली. त्या एका क्षणात मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं. त्यांनी होय म्हटलं. आता हे मान हलवणं नव्हतं, शब्द होता.

गुरवाने पुढचं म्हटलं, “आणि ह्या चाकरमान्यांच्या घराक बरकत दी रे म्हाराजा!” आणि बाबा म्हणाले, “व्हय म्हाराजा!” तशाच आवाजात. त्यापुढे गुरांना सुख मागितलं, त्यालाही व्हय. पावसाला वेळेवर ये म्हटलं, त्यालाही व्हय. थेरपीवाली नंतर म्हणाली, असं होतं, प्रार्थना, आरत्या, लहानपणी तोंडात बसलेलं आत वेगळं राहतं, ते कधी कधी अख्खं बाहेर येतं. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, पण दुसऱ्या ‘व्हय’लाच मला कळलं होतं. आमच्या गाऱ्हाण्यात नाही म्हणायची सोयच नसते. मागणाऱ्याने काहीही मागितलं तरी बाकीच्यांनी व्हय म्हणायचं.

मग पाकळी पडायची वाट बघायची असते. तिथे कुठेतरी कोंबडा आरवत होता. आईचे ओठ हलत होते. डावीकडची पाकळी थोडी सरकल्यासारखी वाटली, की फोनच हलला होता, कोण जाणे.

तेवढ्यात बाबा पुढे वाकले. उशी खाली पडली. चांगल्या डाव्या हाताने त्यांनी फोनवर पंजा ठेवला, संपूर्ण देवावर, आणि दाबला. डबा उलटला, फोन टीपॉयवर पालथा पडला, कॉल तुटला.

“पाया पडले गो ते!” आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “देव दिसलो तसो हात लावल्यानी!”

“पाया पडले नाहीत आई. त्यांनी बंद केला.”

“तुका सगळा वायटच दिसता!”

“आणि तुला सगळं देवाचंच दिसतं.”

आम्ही दोघी त्यांच्याकडे वळलो. “बाबा, पाया पडलात?” मान हलली. “बाबा, बंद केलात?” मान हलली. आई टीपॉयखाली सांडलेले पोहे गोळा करायला लागली.

गुरवाचा साधा फोन आला. रेंजने दगा दिला म्हणाला. मी म्हटलं, पाकळी? “उजवी पडली ताई! झकास पडली. म्हणजे लायलेलो. आता मनातसून काढून टाका.” मी विचारलं, तुम्ही बघितलीत? तो जरा दुखावला. “मी नाय तर कोण बघतलो?”

आईने देवापुढे साखर ठेवली. मला म्हणाली, बघ, आता तरी सुटलंस. मी सुटले नव्हते. पुन्हा एकदा पाकळी पडली होती, पुन्हा मी ती पाहिली नव्हती, आणि पुन्हा एका पुरुषाने मला तिची बाजू सांगितली होती. तो खोटं बोलतोय असं मला म्हणायचं नाही. त्याने मला बरं वाटावं म्हणून उजवी म्हटलं असेल, किंवा पडली असेल खरंच उजवी. समजा मी स्वतः गाभाऱ्यात उभी असते, तरी काय दिसलं असतं? एक पाकळी सुकून पडली, एवढंच. मग मी कसली चौकशी करत बसले होते? त्या दिवशी दुपारभर लॅपटॉपसमोर बसून माझं एकही काम झालं नाही. वर्षानुवर्षं मी पाकळीच्या मागे लागले होते, ती पडली की नाही, कुठे पडली, देऊळ उघडं होतं की बंद. पाकळी पडली असेलही. पण ती बघणारा माणूस ती बघायच्या आधी काय ठरवून गेला होता, हे मी कधी विचारलंच नव्हतं. विचारायची भीती होती, कारण त्याचं उत्तर देवळाच्या टाळ्यावर किंवा वर्षावर अवलंबून नव्हतं.

संध्याकाळी आई भाजीला खाली उतरली. जिना उतरायला तिला वेळ लागतो, चढायला त्याहून जास्त. मी बाबांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले. त्यांचा सदरा अजून तोच होता, टोपी मी काढली. म्हटलं, “बाबा.”

त्यांनी मान हलवली. हल्ली प्रश्नाच्या आधीच हलवायचे.

“थांबा, अजून विचारलं नाही. नीट ऐका.” मी त्यांचा डावा हात धरला. “बाबा, तेव्हा उजवी पडली असती, तर तुम्ही घरी येऊन मला तसं सांगितलं असतंत?”

मी वाट पाहिली. खालून रिक्षांचे हॉर्न येत होते. समोरच्या बिल्डिंगीत कुणाचा तरी कुकर शिटी देऊन थांबला. हत्तीला, बाईला, बंद केल्याला आणि पाया पडल्याला हो म्हणणारी ती मान हलली नाही. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा डावा हात माझ्या हातात घामेजला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचा अर्थ लावायचा नाही, असं मला सांगितलेलं होतं. मी लावला नाही. नुसती बसून राहिले.

आई धापा टाकत वर आली तेव्हा आम्ही तसेच होतो. तिने पिशवी दारात ठेवली आणि एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं.

“काय झाला गो?”

“काही नाही,” मी म्हटलं.

आणि बाबांनी जोरजोरात मान हलवली.